रयतेचा खजिना आणि रोगाची चौकशी

सरकारी खजिन्यातून इस्पितळ बांधले, तर त्याचा हिशेब देणे सोपे असते; इमारत दिसते, खाटा मोजता येतात, कोनशिलेवरचे नाव वाचता येते. परंतु त्याच खजिन्यातून वेतन घेणाऱ्या एखाद्या संशोधकाने खेड्यापाड्यांतून घरोघर जाऊन, खोकला केव्हापासून आहे, तो कोणाला दाखविला आणि दाखविल्यावर पदरात काय पडले, एवढेच विचारीत हिंडावे, यासाठी रक्कम मंजूर करताना कोणत्याही राज्यकर्त्याचा हात थोडा अडखळतोच. भारतात अशा चौकशीसाठी सार्वजनिक पैसा खर्च होऊ लागून शंभर वर्षे केव्हाच उलटली. या अवधीत संस्था वाढल्या, उपकरणे आली, खर्चाचे आकडे फुगले. पण या सर्वांहून महत्त्वाचे स्थित्यंतर मला दिसते ते प्रश्नाच्या रोखात. आरंभी सरकार रोगाची चौकशी करीत होते. मग ते रोग्याच्या ताटाची आणि घराची करू लागले. आणि फार उशिरा, काहीशा अनिच्छेनेच, स्वतःच्या दवाखान्याची.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला, तेव्हा सरकारपुढे माणसांच्या जिवाइतकीच बंदराच्या व्यापाराचीही चिंता उभी होती. पटकीच्या लसीवर हिंदुस्थानात आधीच काम करीत असलेल्या वाल्डेमार हाफकिन यांस पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी लस सिद्ध केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्यानंतर तिची परीक्षा भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर झाली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात जी प्रयोगशाळा नांदू लागली, तीच पुढे हाफकिन संस्था झाली. संशोधकाचे धैर्य येथे निःसंशय थोर होते. परंतु ज्या रयतेच्या वसुलातून हा खर्च भागत होता, ती रयत या साऱ्या व्यवहारात कैद्याच्या, संशयिताच्या किंवा आकड्याच्या रूपानेच उपस्थित होती.

शिवाय चौकशी आणि हुकूम यांचा क्रम त्या काळी उलटा होता. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना जी मुभा दिली, तिच्या बळावर घरांची झडती, सामानाची होळी आणि माणसांची छावण्यांत रवानगी हे सर्व आधी झाले, आणि पुण्यात त्याचा शेवट प्लेग-अधिकारी रँड यांच्या वधापर्यंत गेला. रोग नेमका पसरतो कसा, याचा पद्धतशीर शोध मात्र त्यानंतर कित्येक वर्षांनी, १९०५ पासून, परळच्याच प्रयोगशाळेत बसलेल्या संशोधकांनी घेतला. प्लेगच्या खोल्यांतून मोकळे सोडलेले गिनीपिग रोगाला बळी पडतात आणि पिसवांपासून राखलेले वाचतात, हे पाहून त्यांनी उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी निश्चित केली. गाठीचा प्लेग बहुधा माणसापासून माणसाला होत नाही, हे एकदा ठरल्यावर माणसांना माणसांपासून ओढून दूर करण्याच्या त्या साऱ्या बंदोबस्ताचा पाया किती ठिसूळ होता, हेही ठरले. अज्ञानाच्या पायावर उभारलेला बंदोबस्त सद्हेतूने केला, तरी तो जुलूमच ठरतो, हा धडा सरकारी खर्चाने झालेल्या संशोधनानेच सरकारला दिला.

१९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली आणि वैद्यकीय संशोधनासाठी नियमित तजवीज झाली. १९४९ मध्ये हीच संस्था भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या आश्रयाने झालेल्या कामात विचाराला खरे वळण दिले ते कुन्नूरच्या आहार-संशोधनाने. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी तेथे बेरीबेरीचा अभ्यास आरंभिला, आणि पुढे भिन्न प्रांतांतील माणसांचे आहार उंदरांना घालून दाखविले की, गहू, दूध आणि भाजीपाला यांवर जे उंदीर निकोप वाढतात, तेच पांढऱ्या सडीक तांदळाच्या निकृष्ट आहारावर खुरटतात. १९३५ पासून त्यांच्या जागी आलेल्या वॉलेस एक्रॉइड यांनी भारतीय धान्ये, डाळी आणि भाज्या यांच्या पोषणमूल्यांची कोष्टके १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. आता रोगाचे कारण बाहेरून येणारा जंतू एवढेच उरले नाही; ताटात जे नाही, तेही रोगाचे कारण ठरले. जंतूवर लस काढता येते, अपुऱ्या मजुरीवर ती काढता येत नाही. म्हणूनच या दुसऱ्या प्रकारच्या उत्तराने सरकार पहिल्याहून अधिक अस्वस्थ झाले असल्यास नवल नाही. नाशिकात जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात, ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय साहाय्याला मुकू नये, असे तत्त्व मांडले. त्यामागे रोग आणि दारिद्र्य यांच्या या उमगलेल्या नात्याचे बळ होते.

स्वातंत्र्योत्तर पहिल्या दोन दशकांतील दोन प्रयोग मला या विचाराचे उत्तम नमुने वाटतात. पहिला कांगडा खोऱ्यातील. तेथे गलगंड घरोघर होता. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोहोंत आयोडीनयुक्त आणि तिसऱ्यात साधे मीठ पुरविले. सहा वर्षांच्या सुमारास पहिल्या दोन विभागांत गलगंड स्पष्ट घटलेला आढळला, तेव्हा तिसऱ्यालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दुसरा मद्रासचा. क्षयरोग्याला शुद्ध हवा, सकस अन्न आणि पूर्ण विश्रांती देणारे आरोग्यधामच तारील, ही त्या वेळी सर्वमान्य समजूत होती. आणि तशा खाटा देशात इतक्या थोड्या होत्या की, ती समजूत खरी असती, तर बहुसंख्य रोग्यांना मरणच लिहिलेले होते. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून उघडलेल्या केंद्रात रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून काहींना आरोग्यधामात आणि काहींना मद्रासच्या दाटीवाटीच्या गरीब वस्त्यांतील त्यांच्या घरीच तीच औषधे वर्षभर दिली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने जग चकित झाले: अर्धपोटी, गर्दीत राहणारा रोगी औषधे घेत राहिला, तर जवळजवळ तितकाच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांना त्यामुळे अधिक धोका पोहोचत नाही. मिठाची पुडी किंवा घरची वळकटी यांत कोणाचाही मोठा नफा नव्हता. असे प्रश्न बाजार सहसा विचारीत नाही, आणि सार्वजनिक खजिन्याचे प्रयोजन नेमके येथे सुरू होते.

परंतु घरी औषध देता येते, एवढे कळून भागत नाही. औषधापर्यंत रोगी पोहोचतो की नाही, हे कोणी पाहावे? तोवर सरकारी दप्तरात याचे उत्तर ठरलेले होते: खेडूत अडाणी आहे, त्याला रोग कळत नाही, त्याला जागे केले पाहिजे. १९५९ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत डॉ. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील क्षयरोग्यांशी बोलून पाहिले, आणि १९६३ मध्ये जे प्रसिद्ध केले त्याने हा समज पार उलटला. बहुतेकांना आपल्या दुखण्याची पुरती जाणीव होती. निम्म्याहून अधिक जण औषधोपचारासाठी कोठे ना कोठे गेलेही होते. आणि सरकारी दवाखान्याने त्यांची थुंकी न तपासता खोकल्याची बाटली हाती देऊन त्यांना परत पाठविले होते. रोगी दारात आला होता. कसूर दाराच्या आतल्या बाजूस होती. येथे प्रथमच लोकांच्या पैशातून झालेल्या संशोधनाने लोकांना न तपासता सरकारला तपासले. क्षयरोगाचा कार्यक्रम सामान्य दवाखान्यांतूनच चालवावा, आणि खोकणाऱ्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, या साध्या धोरणाला त्या चौकशीने आधार दिला.

या वाटेवर सर्व काही सरळ घडले, असे मात्र नव्हे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी रोमच्या अन्न व शेती संघटनेत असताना, आणि हैदराबादेस डॉ. सी. गोपालन यांनी, मुलांच्या कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या विशेष तुटवड्यात नसून एकंदर अन्नाच्या अपुरेपणात आहे, असे आग्रहाने मांडले. त्यामुळे महागड्या प्रथिनयुक्त पदार्थांकडे वळलेले लक्ष पुन्हा घरच्याच भाकरी-वरणाच्या प्रमाणाकडे आले. पण त्याच सुखात्म्यांनी पुढे, शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते, असा सिद्धांत मांडला, तेव्हा त्याने उपाशी माणसांची संख्या कागदावर घटेल, हे जाणून अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी पुण्यातच त्यांच्याशी कडाक्याचा वाद घातला. भुकेची व्याख्या करणारा संशोधक नकळत भुकेल्यांची गणतीही करीत असतो. म्हणून अशा प्रश्नांवर उघड वाद होणे, हा मला त्या शास्त्राचा दोष न वाटता त्याचे संरक्षण वाटते.

या संरक्षणाची खरी कसोटी लागली ती चिंगलपुट जिल्ह्यात. क्षयावरील बी.सी.जी. लसीच्या देशव्यापी मोहिमेवर शासनाची प्रतिष्ठा लागलेली होती. तरी १९६८ मध्ये तेथे लाखो लोकांवर तिची काटेकोर परीक्षा सुरू झाली, आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती संरक्षण देत नाही, हा अप्रिय निष्कर्ष १९७९-८० मध्ये दडवून न ठेवता प्रसिद्ध करण्यात आला. तान्ह्या मुलांना क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून वाचविण्याचे तिचे कार्य अबाधित राहिले. परंतु जेथे ती व्यर्थ होती, तेथे ती व्यर्थ आहे, हे सरकारी संशोधकांनीच सांगितले.

१९८१ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषद आणि सामाजिक शास्त्र संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाचा अहवाल पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने प्रकाशित केला. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक हे त्यामागील एक प्रमुख प्रेरणा होते. आरोग्य हे केवळ दवाखान्यांच्या संख्येने येत नाही, दारिद्र्य आणि विषमता घटवून व गावाच्या हाती अधिकार देऊनच येते, हे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले होते. कुन्नूरच्या उंदरांपासून तुमकूरच्या रोग्यांपर्यंतचा सारा प्रवास तेथे एका निष्कर्षाला पोहोचला. त्या अहवालाचा गौरव पुष्कळ झाला, अंमल थोडा झाला. म्हणूनच अंदाजपत्रकात आरोग्य-संशोधनाची रक्कम वाढली, एवढे वाचून माझे समाधान होत नाही. त्या रकमेतून सरकारने यंदा स्वतःविषयी कोणता प्रश्न विचारला, आणि उत्तर गैरसोयीचे आले तेव्हा ते छापून लोकांपुढे ठेवले की दप्तरात बांधले, हे कर भरणाऱ्या प्रत्येकाने रकमेच्या आधी विचारले पाहिजे.