छाया आणि प्रमाण

फुफ्फुसात कर्करोग असल्याचे सिद्ध झाल्यावर रुग्णाच्या भवितव्याचा फैसला पुष्कळदा मूळ गाठीपेक्षा श्वासनलिकेलगतच्या इवल्याशा लसिकाग्रंथींवर अवलंबून राहतो. रोग त्याच बाजूच्या फुफ्फुसमूळाशी थांबला असेल तर शस्त्रक्रियेची वाट बहुधा मोकळी असते. तो छातीच्या दुसऱ्या बाजूच्या ग्रंथींपर्यंत पोचला असेल तर शल्यविशारद सामान्यतः शस्त्र हाती घेत नाही. या ग्रंथींची जबानी प्रथम घेतली जाते ती सी. टी. स्कॅनकडून, आणि ती जबानी कोणत्या प्रतीची मानावी, हा प्रश्न वैद्यकाइतकाच, ज्ञान कशावरून खरे मानावे हे सांगणाऱ्या आपल्या प्रमाणशास्त्राचाही आहे.

१९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफील्डच्या सी. टी. यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले, तेव्हापासून शरीर न चिरता त्याचे अंतरंग प्रत्यक्ष दिसते अशी आपली समजूत झाली. वस्तुतः चित्रात दिसते ती क्ष-किरणांच्या शोषणाची कमीअधिक छटा. ग्रंथीची आखूड बाजू दहा मिलिमीटरांहून अधिक भरली की ती संशयित ठरते. म्हणजे आकार हे लिंग (अनुमानाची खूण), आणि त्यावरून रोगाचे अनुमान. पर्वतावरील धुरावरून अग्नी ओळखणाऱ्या नैयायिकाने येथे पहिलाच प्रश्न विचारला असता, की या दोहोंची व्याप्ती, म्हणजे नित्य साहचर्य, अव्यभिचारी (अपवादरहित) आहे काय?

मुंबईत तरी ती नाही. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून शिवडीचे क्षयरुग्णालय फार दूर नाही, आणि अंधेरी-बोरिवलीच्या वा घाटकोपर-मुलुंडच्या दाट वस्त्यांत राहणाऱ्या माणसाच्या छातीत कर्करोग आणि क्षय हे दोन्ही रोग शेजारी नांदू शकतात. क्षयाने, कधी काळी बऱ्या झालेल्या क्षयानेसुद्धा, ग्रंथी मोठ्या राहतात. तेव्हा 'मोठी, म्हणून कर्करोगग्रस्त' हा हेतू सव्यभिचार (अपवाद असलेला), म्हणजे हेत्वाभास होय. दोन निरनिराळ्या ऊर्जांचे किरण वापरून ग्रंथीत आयोडीन किती उतरले हे मोजणारी नवी यंत्रे लिंग अधिक सूक्ष्म करतात. पेट स्कॅन ग्रंथीची साखरेची भूक दाखवतो. परंतु क्षयाची ग्रंथीही साखर ओढते, आणि सूक्ष्म झाले तरी लिंग हे लिंगच राहते.

याहून गंभीर बाजू उलट दिशेची आहे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न दिसणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती दिसण्यास योग्य असली पाहिजे. भूतलावर घट दिसला नाही तर घट नाही म्हणावे. अंधारात दिसला नाही म्हणून तसे म्हणता येत नाही. पाच मिलिमीटरांच्या ग्रंथीत लपलेल्या मूठभर कर्कपेशी स्कॅनला दिसण्यास योग्यच नसतात. म्हणून 'ग्रंथी सामान्य आकाराच्या' या शेऱ्यावर 'रोग पसरलेला नाही' असे शिक्कामोर्तब करणे ही तर्काची चूक आहे, आणि तिचे प्रायश्चित्त रुग्ण भोगतो.

अनुमान त्याज्य आहे, असे मात्र मी म्हणत नाही. ते चार्वाकाचे मत, आणि चार्वाकाच्या मार्गाने एकही वैद्य रोग्याच्या उशाशी पोचणार नाही. सुई कोठे घालावी हे स्कॅनच सांगतो. श्वासनलिकेतून दुर्बीण उतरवून, ध्वनिलहरींच्या साह्याने संशयित ग्रंथी हेरून तिच्यातील पेशी सुईने काढल्या जातात, तेव्हा अनुमानाला प्रत्यक्षाचा आधार मिळतो. सुईही कधी चुकते. तरी आजार पुढच्या अवस्थेचा ठरवून एखाद्याला शस्त्रक्रियेचा अधिकार नाकारण्यापूर्वी हा पुरावा, शक्य असेल तेथे, मागितलाच पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे. जीविताचा निवाडा केवळ छायेवर करणे मला अधर्म वाटते.

म्हणून ज्यांच्या घरी असा अहवाल आला असेल त्यांना माझी विनंती आहे: 'ग्रंथी वाढल्या आहेत' हे वाक्य वाचून धीर सोडू नका, 'वाढलेल्या नाहीत' हे वाचून निश्चिंत होऊ नका, आणि डॉक्टरांना आदराने पण स्पष्टपणे विचारा, की या ग्रंथीतील पेशी तपासल्या आहेत का, आणि नसतील तर का नाहीत.