हितासाठी सक्ती

दुसऱ्याच्या हितासाठी त्याच्यावर सक्ती करावी की नाही, हा नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात त्याचे उत्तर नकारार्थी दिले. परंतु लहान मुलांस त्याने या नियमातून वगळले. मूल अजाण असते, म्हणून वडीलधाऱ्यांनी त्याच्या वतीने ठरवावे, हे तत्त्व आपल्या घरांतूनही निर्विवाद मानले जाते. ते खोटे आहे असे नाही. मात्र ते कोठवर न्यावयाचे, याचा विचार करावयास दंतवैद्याच्या खुर्चीइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

चिंचपोकळीच्या आर्थर रोडला आज साने गुरुजींचे नाव आहे. त्यांच्या, १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या, ‘श्यामची आई’तील पोहण्याचा प्रसंग मराठी वाचकांस परिचित आहेच. भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई मारून पोहावयास पाठविते, आणि मागाहून तिचेच डोळे भरून येतात. ती सक्ती आपणांस क्रूर वाटत नाही. कारण श्यामची भीती पाण्यात उतरताच ओसरणारी होती, आणि पुढे आईचा हेतू समजण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी होते.

परंतु सर्वच भीती या जातीची नसते. याच वस्तीत, १९२० पासून चालत आलेल्या चिंचपोकळीच्या सार्वजनिक गणेशोत्सवात, ढोलताशांच्या ज्या गजराने शेजारची मुले नाचू लागतात, त्याच गजराने एखाद्या मुलाचे हात कानांवर जातात. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज, प्रकाश, वास व स्पर्श इतरांपेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली या विशेषाचा स्वमग्नतेच्या लक्षणांत स्पष्ट समावेश केला. अशा मुलास दंतवैद्याकडे नेले म्हणजे काय होते? डोळ्यांवर दिवा, कानांशी यंत्राची घरघर, रबरी हातमोज्याचा वास, एकाएकी मागे झुकणारी खुर्ची, आणि तोंडात परक्याची बोटे! त्याचे ओरडणे हा हट्ट नव्हे. त्यास खरोखरच सोसवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. श्यामचा दाखला येथे लागू पडत नाही तो याचसाठी.

मग त्यास तसेच सोडून द्यावे काय? ‘दुधाचे दात, आज ना उद्या पडतीलच,’ असे म्हणून पुष्कळ घरांत हा प्रश्न मिटविला जातो. पण दुधाच्या मागील दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहतात. किडीतून गळू होते, आणि त्याचा दोष चेहऱ्यापर्यंत पसरू शकतो. ज्यास दात घासणेच असह्य, त्याच्या दातांस कीड लागण्याचे भयही अधिक. आणि ज्यास बोलता येत नाही, तो दाढ दुखते हे सांगणार तरी कसे? उपेक्षेला दया म्हणणे ही आत्मवंचना आहे.

सक्ती आणि उपेक्षा यांच्यामधील वाट दंतवैद्यकानेच हळूहळू शोधली. एके काळी ओरडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्यास गप्प करणे ही अमेरिकेतही मान्य रीत होती; तेथील बालदंतवैद्यांच्या संघटनेने २००६ साली ती आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकली. याउलट ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही १९५९ साली ॲडलस्टनने मांडलेली रीत आजही टिकून आहे. पहिल्या भेटीत मुलाने केवळ खुर्चीत बसून परतावे. दुसऱ्या भेटीत आरसा हाती घेऊन पाहावा. दिव्यासाठी काळा चष्मा, आवाजासाठी कान झाकण्याचे साधन, घरी चित्रांतून समजावलेला क्रम, अशी साधी साधने उपयोगी पडतात. काही किडींवर चांदी व फ्लोराइड यांचे औषध नुसते लावूनही कीड थोपविता येते. त्याने कीड लागलेली जागा काळी पडते, पण यंत्र टळते. आणि दुखणे थांबण्यासारखे नसेल, तर चौघांनी हातपाय आवळून धरण्यापेक्षा रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली भूल देणे अधिक माणुसकीचे होय.

या सर्वांच्या मुळाशी सत्याचे पालन आहे. ‘काही दुखणार नाही’ हे आईबापांचे नेहमीचे आश्वासन पुष्कळदा खोटे ठरते. ‘दहा मोजेपर्यंत’ असे सांगितल्यावर अकरावा अंक उच्चारू नये. ‘हात वर केलास की थांबेन’ म्हटल्यावर खरोखर थांबावे. शब्दांपेक्षा अनुभवावर विसंबणाऱ्या मुलास दिलेले वचन मोडले, तर पुढच्या वेळी तो दवाखान्याच्या पायरीवरच अडेल, आणि ते योग्यच होईल.

कोणी म्हणेल, एवढा वेळ कोणापाशी आहे? बाहेर रांग लागलेली. इकडे चाळीतील आईची एका दिवसाची मजुरी बुडालेली. आक्षेप खरा आहे. परंतु २०१६ च्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या कायद्याने स्वमग्नतेचा अपंगत्वात समावेश केला असून, अशा व्यक्तींस तपासणीत व उपचारांत अग्रक्रम देण्याचे सांगितले आहे. अर्थात त्या आईने अर्धा तास शांत वेळ मागितला, तर ती भीक मागत नाही. आपले देणे मागते.

म्हणून सक्ती करण्यापूर्वी प्रत्येक वडीलधाऱ्याने एक प्रश्न स्वतःस विचारावा: ही सक्ती मुलास आवश्यक आहे, की आपणांस घाई आहे? पहिले उत्तर खरे असेल, तर शक्य तितक्या सौम्यपणे आणि त्यास सांगून ती करावी. दुसरे खरे असेल, तर तीस हित हे नाव देण्याचा आपणांस अधिकार नाही.