दोघं पुरतात

रोज पिणाऱ्या माणसाला दिवसात सगळ्यात जड जाते ती सकाळ. हात थरथरत असतो, चहाची कपबशी वाजत असते, आणि रात्री घेतलेली शपथ उजाडेपर्यंत टिकेल याची खात्री नसते. थोडी घेतली की हात थांबतो, म्हणून घ्यायची. ती घेतली की तो दिवस गेलाच.

वाशीम जिल्ह्यातल्या आपल्या मालेगावात असा माणूस ‘आता बस्स’ म्हणतो, तेव्हा घरात काय शोधलं जातं? जेवणात कालवता येईल अशी गोळी, नाहीतर एखादा उतारा देणारा बाबा. (दारू सोडवायची गोळी माणसाला न सांगता कालवली आणि त्यावर तो प्याला, तर जिवावर बेतू शकतं. हे एकदा स्पष्ट सांगितलेलं बरं.) आपल्यासारख्यांची बैठक कुठं भरते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. विचारायचं म्हणजे आधी कुणाला तरी सांगायचं, आणि तालुक्याच्या गावात एकाला सांगितलं की सगळ्यांना कळतं.

पिताना हा संकोच कुठं असतो? बसस्टँडवर पडलेला माणूस गावानं कितीदा पाहिलेला असतो. सोयाबीनची पट्टी कुठं रिकामी झाली, तेही गावाला ठाऊक असतं. लपवावंसं वाटतं ते सोडणं. कारण सोडतो म्हटलं आणि जमलं नाही, तर हसायला सगळे तयारच.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठकीची रीत ही भीती ओळखूनच घडली आहे. तिथं आडनाव विचारत नाहीत, फी नाही, हजेरीपट नाही. यायला एकच अट: दारू सोडण्याची इच्छा. एक जण स्वतःची हकिगत सांगतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कुणी उपदेश करत नाही. खोलीचं भाडं, चहापाणी सभासदांच्याच वर्गणीतून भागतं. बाहेरची देणगी ते घेत नाहीत. आणि ठरवायचं ते फक्त आजच्या दिवसापुरतं. जन्मभराची शपथ नको.

हे सुरू झालं तेव्हा शोधून जायला बैठकच नव्हती. मे 1935. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल एका फसलेल्या सौद्यापायी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी अडकला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. हॉटेलात पलीकडे बार गजबजलेला, खिशात पैसे थोडे. तो बारकडे न जाता फोनकडे गेला आणि पाद्र्यांच्या यादीतले नंबर फिरवत राहिला. त्याला हवा होता दुसरा एखादा दारुडा, ज्याच्याशी बोललं की आपण स्वतः पिणार नाही. भेटले डॉ. बॉब स्मिथ, गावातले सर्जन. पंधरा मिनिटंच थांबेन म्हणून आलेले डॉक्टर काही तास बोलत बसले. नंतर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्याले. परत आले तेव्हा विल्सननं त्यांना दूर लोटलं नाही. 10 जून 1935 हा त्यांचा पिण्याचा शेवटचा दिवस, आणि तोच संघटनेचा पहिला दिवस मानतात.

माणसांच्या आधारानं दारू सोडणं विदर्भाला अगदीच परकं नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू सुटली, हे आपल्या किती घरांनी अनुभवलंय. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीही भजनं गात गावोगाव व्यसनांवर कोरडे ओढले. माळकऱ्याला मंडळी मिळतात, संध्याकाळ भजनात जाते, ही माळेची मोठी ताकद. पण पाय घसरला की तोच माणूस माळ खुंटीला अडकवतो आणि लाजेनं मंडळींपासून तोंड लपवायला लागतो. ज्या दिवशी त्याला माणसांची गरज सगळ्यात जास्त, नेमका त्याच दिवशी तो एकटा पडतो. बैठक इथं मला उजवी वाटते: घसरलेल्याला तिथं पुन्हा पहिल्या दिवसापासून बसता येतं.

पुण्यात 29 ऑगस्ट 1986 ला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथंही उपचार संपवून घरी गेल्यावरचा पाठपुरावा हे मोठं काम मानलं जातं. त्यांनी पिणाऱ्यांच्या बायकांसाठी वेगळा सहचरी गट चालवला, कारण नवऱ्याइतकीच बायकोही कुढत असते.

एक सावधगिरी मात्र हवी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. अशानं आधी डॉक्टर गाठावा. वाशीमचं जिल्हा रुग्णालय जवळ आहे, मेडशी-पातूरवरून अकोल्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही गाठता येतं. तिथल्या मानसोपचार विभागात औषधांबरोबर जवळपासच्या बैठकीचीही चौकशी करावी. गावात ओळखीचे भेटतील म्हणून लाज वाटत असेल, तर बाहेरगावच्या बैठकीला जावं. पुष्कळ जण सुरुवात तशीच करतात.

आणि गावात बैठक नसेल तर? दोघं पुरतात. मालेगावात दारू सोडलेला एखादा माणूस तुम्हाला ठाऊक असेलच. आज दारूचं दुकान उघडायच्या आत त्याच्या घरी जा. तोही ठाऊक नसेल, तर केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे: 14446. फोनला पैसे पडत नाहीत.