तेल आणि खापर

पाचाडात एक तात्या होते. रायगडाच्या पायथ्याला ज्यांचं पोट गडावर येणाऱ्या माणसांवर चालतं, त्यांतलेच एक. घरामागे भाड्याच्या चार खोल्या, अंगणात जेवणाची सोय आणि दारात एक जुनी एमएम ५४० जीप. महाडच्या एसटी स्टँडवरून किंवा वीर स्टेशनवरून माणसं आणायची, चित् दरवाजाशी नाहीतर हिरकणीवाडीच्या रोपवेशी सोडायची, असा त्यांचा धंदा.

पुढे मुंबई-पुण्याची तरुण मंडळी येऊ लागली. त्यांना डांबरी रस्ता नको असे. दगडधोंडे, ओढे आणि अंगावर येणारे चढ हवे असत. तात्यांनी वारं ओळखलं. पाट्यांना लांब शॅकल लावून जीप उचलून घेतली, खाली रुंद, दांडगे टायर घातले. तेवढी चाकं हाताच्या जोरावर वळेनात, म्हणून दुसऱ्या गाडीचा पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स आणि पंप आणून बसवला. मग काय, पाहुणे आधी जीपचे फोटो काढत आणि नंतर गडाचे. तात्यांची छाती फुगत असे.

जीप चालवायला वरच्या धनगरवाड्यातला एक पोरगा होता. विशीतला, कमी बोलणारा, हाताने साफ. पर्यटक नसले की तोच वाडीवर रेशन, सिमेंट आणि उन्हाळ्यात पाण्याचे ड्रम पोहोचवी.

एका मे महिन्यात जीप तेल गाळू लागली. सकाळी बघावं तर पुढच्या उजव्या चाकामागे जमिनीवर तांबडा डाग. स्टेअरिंगच्या तेलाची डबी अर्ध्यावर आलेली. पोरगा बाटलीने तेल भरी, दोन फेऱ्या होत, की पंप पुन्हा घूंऽ घूंऽ करू लागे आणि वळणावर स्टेअरिंग दगडासारखं जड होई.

तात्यांनी खाली वाकून बघितलं. स्टेअरिंग बॉक्सच्या बुडाला थेंब लोंबत होता. "ऑइल सील गेलंय," त्यांनी निकाल दिला. एका फिटरकडून सील बदलून घेतलं. आठवड्यात थेंब परत हजर. पुन्हा सील बदललं, पुन्हा तेच. कुणीतरी गळती थांबवायचं औषध सुचवलं, तेही डबीत ओतून झालं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

सील नवं, बॉक्स चांगला, तरी तेल जातंच. मग दोष कुणाचा? तात्या पोऱ्यावर घसरले. "कट मारून तसाच धरून ठेवतोस, म्हणून सील फुटतात. गाडी चालवायची अक्कल नाही."

पोरगा म्हणाला, "न्हाय तात्या, मी धरून ठेवत न्हाय. पन वाडीच्या वळनावर उजवं चाक दगडावर चढलं की काहीतरी चर्र वाजतंय."

"नाचता येईना अंगण वाकडं!" तात्या म्हणाले, आणि त्या महिन्याच्या पगारातून तेलाचे आणि सीलचे पैसे कापले. पोऱ्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी वेळेवर येऊन त्याने डबीत तेल भरलं.

जून तोंडावर आला. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ला आणि पुढच्या अकराच दिवसांत, १७ जूनला, जिजाऊंनी इथे पाचाडला देह ठेवला. त्यामुळे जूनमध्ये गडावर माणूस मावत नाही आणि खाली समाधीपाशीही रीघ लागते. तात्यांच्या खोल्या भरलेल्या, जीपच्या फेऱ्या ठरलेल्या. अशा वेळी गाडी बसली तर वर्षाची कमाई बुडायची. शेवटी त्यांनी महाडहून चाचांना बोलावलं. चाचा म्हातारे, डोळ्यांवर जाड चष्मा. पण नाते, कोंझरपासून पोलादपूरपर्यंतचे जीपवाले त्यांचा शब्द मोडत नसत.

तात्यांनी थेंब दाखवला. "हे बघा चाचा, इथून गळतंय."

"इथे पडतंय," चाचा म्हणाले. "गळतंय कुठून, ते बघायचंय."

त्यांनी स्पॅनर काढलाच नाही. आधी पोऱ्याकडून डिझेलचा ब्रश मारून बॉक्स, पंप, दोन्ही पाइप आणि आसपासची चासी धुऊन घेतली. मग फडक्याने टिपून सगळं कोरडं ठणठणीत केलं. मग चाचांनी पिशवीतून अंगाला लावायच्या पावडरचा डबा काढला आणि पंपापासून बॉक्सपर्यंत पावडर भुरभुरली. काळीकुट्ट लोखंडं पांढरीफेक दिसू लागली. तात्यांना हसू आलं. "चाचा, गाडीला बारशाला न्यायचंय का?"

चाचा हसले नाहीत. त्यांनी पोऱ्याला स्टार्टर मारायला सांगितलं. "डावीकडे पूर्ण कट मार, जरा थांब, सोड. आता उजवीकडे. धरून ठेवू नकोस, पंप तापतो." दोन्हीकडे चार-पाच वेळा कट मारून झाले. बॉक्सचं बूड पांढरंच होतं. सीलही कोरडं. पण वर, चाकाच्या कमानीच्या आत जिथून जाड पाइप बॉक्सकडे उतरत होता, तिथे पावडरीत तांदळाएवढा तांबडा ठिपका उमटला. बघता बघता तो पसरला, त्याचा ओघळ झाला, पाइपाच्या अंगाने खाली आला, बॉक्सला वळसा घालून बुडाशी गेला आणि बरोबर सीलच्या कडेला थेंब होऊन लोंबू लागला.

पोरगा उतरून जवळ आला आणि बोटाने पाइप चाचपायला गेला. चाचांनी त्याचा हात झटकला. "टायरमध्ये ३० पौंड हवा असते. पूर्ण कट मारला की या पाइपात हजाराच्या वर पौंड दाब असतो. बारीक भोकातून तेलाची धार कातडीत घुसते, कळतसुद्धा नाही. नंतर बोट कापायची वेळ येते. इंजिन चालू असताना इथे हात लावायचा नाही, पुठ्ठा धरायचा."

इंजिन बंद झाल्यावर सगळ्यांनी वाकून बघितलं. पाइपाचं वरचं रबर घासून गेलं होतं आणि आतली तारांची जाळी दिसत होती.

"सापडलं!" तात्या म्हणाले. "पाइप बदला, झालं."

"पाइप स्वतःहून घासत नाही," चाचा म्हणाले आणि पोऱ्याकडे वळले. "गाडी तू चालवतोस. तुला काय जाणवतं?"

पोऱ्याने आधी तात्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "वाडीच्या वळनावर, चाचा. डावा कट असतो आन् उजवं चाक दगडावर चढतं. तवा चर्र वाजतं."

"मग तेच करून बघू."

उजव्या चाकाखाली दगड रचून त्यावर जीप चढवली आणि डावीकडे पूर्ण कट मारला. पाटे दबले, चाक कमानीत वर शिरलं, आणि त्या रुंद टायरची पुढची कड पाइपाच्या बरोबर त्या उघड्या पडलेल्या जागेला जाऊन टेकली. सपाट रस्त्यावर दोघांत चार बोटं अंतर राही. दगडावर ते उरत नव्हतं.

तात्या गप्प झाले. टायर त्यांनी आणले होते. पाइप कुठून न्यायचा, तेही त्यांनीच ठरवलं होतं.

"जुन्या टायरला हा पाइप कधी लागला नसता," चाचा म्हणाले. "तुम्ही चाक वाढवलंत, पण चाकाला जागा वाढवून दिली नाहीत. ते टायर आरसी बुकातही नाहीत आणि त्या कमानीतही मावत नाहीत. आता दोन वाटा आहेत. स्टॉपरचे बोल्ट थोडे बाहेर घेऊन कट कमी करतो, म्हणजे टायर पाइपापर्यंत पोहोचणार नाही. पण वाडीच्या वळणावर गाडी एका दमात वळणार नाही, दरीच्या कडेला मागेपुढे करावी लागेल. नाहीतर जुने टायर घाला."

तात्यांनी पोऱ्याला विचारलं, "तू सांग. काय करू?" इतक्या वर्षांत ते त्याला पहिल्यांदाच विचारत होते.

"जुने बरे, तात्या. वळंल तरी नीट."

जुने टायर चढले. महाडला हायड्रॉलिक पाइप बनवून देणाऱ्याकडून त्याच दाबाचा नवा पाइप आणला. चाचांनी तो चासीच्या आतल्या अंगाने नेला, रबर लावून क्लिपांनी बांधला, आणि जोडावरचे तांब्याचे जुने वॉशर फेकून नवे घातले. मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, पोऱ्याला स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. डबीत बुडबुडे येत, तेल खाली जाई, चाचा भर घालत. बुडबुडे थांबले तेव्हा कुठे त्यांनी झाकण लावलं. गाडी सुरू केली तर पंपाचा घूंकार गेला होता.

६ जूनला जीपने दिवसभर फेऱ्या मारल्या. डबीतलं तेल रेघेवरून हललं नाही. फोटो काढणारे कमी झाले, एवढंच.

महिनाअखेरीला तात्यांनी पोऱ्याच्या हातावर पगार ठेवला आणि त्यावर मागच्या महिन्यात कापलेले पैसे ठेवले. पोरगा म्हणाला, "राहू द्या, तात्या."

"राहू कसं द्यायचं? पाइप माझ्या टायरने घासला, आणि पैसे तुझे कापले."

तेव्हापासून तात्यांनी एक रीत पाळली. जेवणात मीठ जास्त पडलं, खोलीची चावी हरवली, पाहुणा रागावून गेला, तर ते आधी स्वतःचा हुकूम आठवत: आपण काय सांगितलं होतं, काय बदललं होतं, कुणी काही सांगत असताना ऐकलं होतं का? कधी चूक खाली काम करणाऱ्याचीच निघे. पण पुष्कळदा ओघळ वरूनच आलेला असे.

तात्पर्य: तेल वर गळतं आणि थेंब खाली लोंबतो. दोषाचंही तसंच असतं. म्हणून सर्वांत खालच्या माणसावर खापर फोडण्याआधी मान वर करून बघावं.