सातव्या नंबरची हरकत

ट्रायलमध्ये मी सातवा आलो होतो, आणि संघ सहा जणांचा होता.

सात-आठ वर्षं झाली या गोष्टीला. मी एकोणीसचा होतो. जालन्याबाहेरच्या एका माळावर जिल्ह्याच्या क्रॉस कंट्री संघाची निवड होती, दहा किलोमीटरची. दोन दिवस आधी अवकाळी पाऊस पडून गेला होता. आमच्याकडची काळी माती ओली झाली की बुटाला सोडत नाही. शेवटच्या फेरीत पाय उचलतोय की ढेकूळ उचलतोय ते कळत नव्हतं.

त्या दिवशी तिसरा आलेला मुलगा देऊळगाव राजाचा होता. ग्राउंडवर सगळे त्याला 'देऊळगाव' म्हणूनच हाक मारायचे. वडील जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये कामाला, खोली भाड्याची. दोन वर्षं तो रोज पहाटे आमच्यासोबत पळत होता. मी मागे पडलो की जरा हळू व्हायचा, माझा श्वास जुळला की पुन्हा वेग घ्यायचा. माझी वेळ जी काही सुधारली, त्यात त्याचा वाटा मोठा होता.

निकाल वाचून झाला. मी पाणी प्यायलो, थोडा वेळ बसलो, मग उठून निवड करणाऱ्या सरांकडे गेलो.

"सर, त्याचं आधार बुलढाण्याचं आहे."

एवढंच म्हणालो. सरांनी त्याला कागद मागितले. आधार, रेशन कार्ड, टीसी, सगळं देऊळगावचं. जिल्ह्यात राहत असल्याचा पुरावा हवा, असा नियम होता. अर्ध्या तासात यादी बदलली आणि मी सहावा झालो.

त्याचं आधार मला कसं माहीत? पोलीस भरतीचा फॉर्म आम्ही माझ्याच फोनवर भरला होता. फोटो माझ्या गॅलरीत होता.

*

क्रॉस कंट्री बघायला एकट्याचा खेळ वाटतो, पण संघाचा हिशेब वेगळा असतो. प्रत्येक धावपटूचा जो नंबर येईल तेवढे त्याचे गुण. ते मिळवायचे, आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी तो संघ जिंकला. आमच्या शर्यतीत सहांपैकी पहिल्या चौघांचे नंबर धरायचे. पाचवा आणि सहावा बेरजेत येत नाहीत. मात्र दुसऱ्या संघाच्या चौथ्या धावपटूला त्यांनी मागे टाकलं, तर त्या संघाची बेरीज वाढते. म्हणजे ज्याचा नंबर कुठेच लिहिला जात नाही, तोही कुणाचा तरी निकाल बदलू शकतो.

आणि हा निकाल कागदापुरता नसतो. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी पदक लागतं, पदकासाठी राज्य स्पर्धा, राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ. दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरातल्या पोराला ही शिडी फार जवळची वाटते. म्हणून सहावा आणि सातवा यांच्यात जे चार-पाच सेकंद असतात, त्यांच्यावर माणसं रात्र-रात्र विचार करतात. मीही केला होता.

*

नियम वाईट होता असं मला आजही वाटत नाही. उलट त्याची बाजू नीट मांडायला हवी, कारण 'खेळात कसली आलीय हद्द' हे वाक्य बोलायला सोपं आहे.

समजा हद्दच नाही. मग काय होईल? जिथे चांगलं मैदान आहे, वसतिगृह आहे, कोच आहे, अशा ठिकाणी दहावा-बारावा येणारा मुलगा त्या जिल्ह्याच्या संघात बसणार नाही. तो नकाशा उघडेल, कमकुवत जिल्हा शोधेल आणि ट्रायलच्या आदल्या रात्री एसटीनं तिथे उतरेल. सकाळी जिंकेल, संध्याकाळी परत जाईल. असे सहा आले की त्या जिल्ह्याचा संघ राज्यात चमकेल आणि त्या जिल्ह्यातलं एकही पोर त्यात नसेल. मराठवाड्यात आपण अनुशेषावर इतकं बोलतो. सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा. खेळातला अनुशेष भरायचा असेल तर शिडीची पहिली पायरी तरी इथल्यांसाठी राखून ठेवायला हवी. जिल्हा संघ ही ती पायरी.

नियमाचं कारण हे आहे. पण 'इथला' कोण हे तो कागदावरून ठरवतो, आणि कागद ज्या रेषेवर उभा आहे ती रेष मी नंतर जरा निरखून पाहिली.

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणीत. म्हणजे १९८० साली आमच्या ग्राउंडवर ट्रायल झाली असती, तर परतूरचा मुलगा 'बाहेरचा' ठरला असता. वर्षभरानंतर तोच मुलगा, त्याच घरात राहून, आपला झाला असता. आणखी मागे जाऊ. १९५६ पर्यंत जालना हैदराबाद राज्यात होतं, आणि तीसेक किलोमीटरवरचं देऊळगाव राजा मध्य प्रांत-वऱ्हाडात, पुढे मध्य प्रदेशात. रेष खूप जुनी आहे, तिनं राज्यं बघितलीत. पण तिच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी तेवढ्याच जुन्या आहेत. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीला जालन्याहून माणसं सिंदखेड राजाला जातात, तेव्हा आपण दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या विभागात चाललोय हे कुणाच्या मनातही नसतं.

माझं आजोळ त्याच सिंदखेड राजा तालुक्यातलं. निवड झाल्याचं घरी सांगताना मी सगळी हकिकत सांगितली, जराशा फुशारकीनंच. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "बुलढाण्याचा म्हणून काढला होय? मी बी तिकडलीच की."

*

मग कागद बघायचेच नाहीत का? बघावे लागतात. पण ते कुणाला पकडतात आणि कुणाला सोडतात तेही बघायला हवं.

आमच्या मंठा-घनसावंगी पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. वर्षाचे पाच-सहा महिने लेकरं फडावर, कोपीत. त्यांचे कागद जालन्याचे, अंग दुसरीकडे. उलट जालन्याच्या स्टील कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले कामगार वर्षानुवर्षं राहतात. त्यांच्या मुलांची मराठी माझ्याइतकीच मराठवाडी आहे, पण कित्येकांचे कागद अजून गावाकडचे. पहिल्याला आपण निःसंशय आपला म्हणतो, दुसऱ्याला हरकत घेतो. आणि ज्याला अडवायला नियम केला, तो ट्रायलच्या आदल्या रात्री उतरणारा, त्याच्याकडे बहुतेक वेळा सगळे कागद तयार असतात. कारण त्याला आणणाऱ्याला नियम पाठ असतो. सापडतो तो, ज्याला आपण बाहेरचे आहोत हेच माहीत नसतं.

*

हा प्रश्न आमच्या माळावरचाच नाही. स्टीपलचेस या शर्यतीत तो सगळ्या जगानं पाहिला. स्टीफन चेरोनो हा केनियाचा धावपटू २००३ मध्ये कतारचा नागरिक झाला, सैफ सईद शाहीन हे नाव घेतलं आणि काही आठवड्यांतच पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत कतारसाठी सुवर्ण जिंकलं. त्याच अंतिम शर्यतीत त्याचा सख्खा भाऊ केनियाकडून धावत होता. पुढच्या वर्षी शाहीननं ७ मिनिटं ५३.६३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. असे देशबदल वाढत गेले, तेव्हा २०१७ मध्ये जागतिक संघटनेनं ते थांबवले आणि २०१८ मध्ये नवे नियम आणले. देश बदलायचा तर साधारण तीन वर्षं थांबा, वय किमान वीस हवं, आणि बदल एकदाच.

या नियमातली मला पटलेली गोष्ट म्हणजे तो जन्म विचारत नाही, वेळ विचारतो. आपलं होण्याला मनाई नाही, पण ते एका रात्रीत होत नाही. विनफ्रेड यावी केनियात जन्मली, पंधराव्या वर्षी बहरीनला गेली. हँगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिनं स्टीपलचेस जिंकली तेव्हा आपली पारुल चौधरी दुसरी आणि प्रीती तिसरी आली. 'ती कुठे बहरीनची, नाहीतर सोनं आपलंच होतं,' असं मीही तेव्हा म्हटलं. पण यावी तोपर्यंत सात वर्षं बहरीनसाठी धावत होती. माझ्या वाक्यात नियम नव्हता. दुसऱ्या नंबरचं दुःख होतं, ते मला ओळखीचं होतं.

जवळचं उदाहरण क्रिकेटचं. आपल्याकडे एका राज्यात तीन क्रिकेट संघटना. जालन्याचा विजय झोल महाराष्ट्राकडून खेळला, २०१४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. तो तीसेक किलोमीटर पलीकडे जन्मला असता तर विदर्भाचा झाला असता. त्याच विदर्भानं २०१७-१८ आणि २०१८-१९ ला रणजी करंडक जिंकला तेव्हा संघात मुंबईचा वसीम जाफर होता आणि प्रशिक्षक मुंबईचेच चंद्रकांत पंडित. नागपुरात कुणी म्हणालं नाही की हा विजय उसना आहे. रणजीत बाहेरचे खेळाडू तीनपर्यंत घेता येतात, आणि हे मोसम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना माहीत असतं. दार उघडं आहे, किती उघडं आहे तेही भिंतीवर लिहिलंय. म्हणून भांडण होत नाही.

आणि आपल्या बाजूचं एक सांगायला हवं. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. बारावीनंतर फौजेत गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला. धावपटू म्हणून तो घडला तो लष्करातल्या क्रॉस कंट्रीतून. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये त्याचं सुवर्ण ०.०५ सेकंदानं हुकलं, तेव्हा आमच्या ग्राउंडवर पोरं मोबाइलभोवती उभी होती आणि जो तो म्हणत होता, 'आपला अविनाश.' ग्राउंड जालन्याचं होतं आणि अविनाश बीडचा, पण जिल्हा कुणी विचारला नाही. आपला माणूस कुठेही जाऊन जिंकला तरी आपला. दुसऱ्याचा आपल्याकडे येऊन जिंकला की मात्र आधी आधार दाखव. दोन्ही मापं एकाच खिशात घेऊन आपण फिरतो.

*

राज्य स्पर्धेत मी धावलो. आमच्या संघात सहावाच आलो. बेरजेत माझा नंबर धरला नाही, आणि दुसऱ्या संघाच्या चौथ्या धावपटूला मागे टाकण्याइतका मी पुढेही नव्हतो. तो असता तर काय झालं असतं हा हिशेब मी कधी केला नाही. संघ जिंकला असता म्हणून मी चुकलो, असं ठरलं तर संघ हरला असता तर मी बरोबर, असंही ठरेल. चूक त्या बेरजेत नव्हतीच.

मग कशात होती? मी खोटं बोललो नव्हतो. नियम माझ्या बाजूनं होता. फक्त मी नियमाच्या बाजूनं नव्हतो. त्याचा पत्ता मला चार महिने माहीत होता. त्या चार महिन्यांत मला जिल्ह्याच्या मुलांवर अन्याय होताना दिसला नाही, कारण तो मला पळवत होता. हद्द मला आठवली ती निकालानंतर, सातवा आल्यावर. पाचवा आलो असतो तर आठवलीच नसती. चार महिने आधी मी त्याला म्हणालो असतो, 'अरे, रहिवासाचा पुरावा लागतो, भाडेकराराचं बघ,' तर त्यानं कागद केला असता आणि मी सरळ सातवा राहिलो असतो. ज्या माहितीनं त्याचं काम झालं असतं, तीच मी त्याच्याविरुद्ध वापरली.

त्या दिवशी तो काही बोलला नाही. बुटाची माती काठीनं खरवडत बसला होता. सोमवारी पहाटे ग्राउंडवर आला नाही, नंतरही नाही. पुढे त्याचं काय झालं ते मी शोधलं नाही. नंबर अजून माझ्याकडे आहे.

आता मी अशाच ट्रायलना मदतीला उभा राहतो. चेस्ट नंबर वाटतो, फेऱ्या मोजतो. दरवर्षी निकालानंतर एखादा मुलगा नाहीतर एखादे वडील बाजूला घेतात, मोबाइल पुढे करतात. स्क्रीनवर कुणाचं तरी आधार असतं.

"सर, हा आपल्या जिल्ह्यातला नाही."

मी विचारतो, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

काही जण खरंच सांगतात, "सर, आज सकाळी पहिल्यांदाच पाहिला याला." मग मी कागद मागवतो, आणि नियम नियमासारखा चालतो. पण बरेचदा समोरचा गप्प होतो. तेव्हाही मला कागद बघावेच लागतात. नियम माझा नाही, आणि माझ्या मनावर बोज आहे म्हणून तो वाकवायचा अधिकार मला नाही. म्हणून आता ट्रायलच्या महिनाभर आधी मी ग्राउंडवर एक फेरी मारतो आणि प्रत्येकाला विचारतो, कागद कुठले आहेत, काय कमी आहे. मागच्या वर्षी तिघांचे करून घेतले.

त्यांतला एक ट्रायलमध्ये सहावा आला. सातवा कोण आला ते मी मुद्दाम पाहिलं. तो बुटाची लेस सोडत होता. त्याच्याकडे जाऊन मी पाणी दिलं.