उजेडाचा अधिकार

पावसाळा सरून जत्रांचे आणि दशावतारी नाटकांचे दिवस आले, की मालवणहून चौके, धामापूरमार्गे कुडाळकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यावर अपरात्री पायी परतणारी माणसे दिसू लागतात. आणि चार महिन्यांचा पाऊस व बारमाही खारे वारे सोसलेल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना आपले हेडलाइट मंद झाल्याची जाणीवही याच सुमारास होते. रिफ्लेक्टरचा मुलामा काळवंडलेला असतो, होल्डरच्या पट्ट्या कळंकलेल्या असतात, प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडलेली असते. अशा वेळी नुसता बल्ब बदलून भागत नाही, सबंध हेडलाइटच नवा बसवावा लागतो. काम अर्ध्या तासाचे, परंतु त्यात एक नैतिक निर्णय दडलेला आहे.

बऱ्याच जुन्या गाड्यांत ६०/५५ वॅटचा एच-४ हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, एक लांबच्या झोताची आणि दुसरी डिपरची. आणि या दुसऱ्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते, जी खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून झोत वर न उसळता रस्त्यावर उतरतो. ज्या कोणी ही वाटी योजली, त्याने गाडीच्या मालकाइतकाच समोरून येणाऱ्या परक्याचाही विचार केला होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही हीच दृष्टी आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये, असे तेथे मापच घालून दिले आहे. म्हणजे उजेड माझा असला तरी त्याची मर्यादा परक्याच्या डोळ्याने ठरते.

ही मर्यादा आपण सहज ओलांडतो. १००/९० वॅटचा बल्ब बसवतो, ज्याने जुनी वायरिंग तापते आणि होल्डर वितळतो; किंवा हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी घालतो, ज्याचा प्रकाश मूळ तारेच्या जागेवरून निघत नसल्याने सैरावैरा पसरतो. आपल्याला पुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो आणि समोरच्या दुचाकीस्वाराला काहीच दिसत नाही.

मालवणच्या किनाऱ्याला हा न्याय नव्याने सांगावा लागू नये. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी एका ठिकाणी ओढून उपसून नेणाऱ्या नौकांविरुद्ध येथील पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे झगडत आले आहेत, आणि २०१७ साली केंद्र सरकारने अशा मासेमारीला मनाई केली. एकाच्या अतिरिक्त उजेडाने दुसऱ्याचा घास जातो, हे ज्या गावांनी समुद्रावर ओळखले, त्यांनी रस्त्यावरही ते ओळखावे, अशी अपेक्षा करणे वावगे नाही.

म्हणून बल्ब मूळ वॅटचाच घ्यावा, दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, काचेला बोट न लावता कोऱ्या फडक्याने धरून बसवावेत. आणि मेस्त्री निघण्याची घाई करीत असला तरी गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करून, हेडलाइटच्या मध्याइतक्या उंचीवर खडूची रेघ ओढून, डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवून घ्यावा.

चौकीवरचा हवालदार प्रत्येक झोताची उंची मोजू शकत नाही, आणि ज्याचे डोळे दिपले त्याला आपल्या गाडीचा नंबरही वाचता येत नाही, मग फिर्याद कोण करणार? जो आपल्याला ओळखत नाही, जाब विचारू शकत नाही आणि ज्याचे आभार कधी आपल्यापर्यंत पोहोचणार नाहीत, त्याच्याशी आपण कसे वागतो यावरच सभ्यतेची खरी परीक्षा होते. आणि कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे स्क्रूचा तो अर्धा फेरा मालकाच्या विवेकानेच द्यावा लागतो.