हुद्दा आणि हाक

सेवेचे काम करणाऱ्या माणसाला कोणत्या नावाने हाक मारावी? प्रश्न साधा दिसतो. परंतु एक मनुष्य दुसऱ्याला किती लेखतो, याचा सारा हिशेब त्या एका हाकेत उतरलेला असतो. स्पॅनिश भाषेतले काही शब्द या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत.

स्पेनमध्ये उपाहारगृहातल्या वाढप्याला 'कामारेरो' म्हणतात. 'कामारा' म्हणजे दालन. दालनाची व्यवस्था पाहणारा तो कामारेरो. एके काळी कास्तीलच्या राजाचा 'कामारेरो मायोर' हा दरबारातला बडा मानकरी असे. आज तोच शब्द कॉफीचे पेले आणून ठेवणाऱ्याच्या वाट्याला आला आहे. 'असाफाता' या शब्दाचे नशीब निराळे. 'असाफाते' म्हणजे तबक. राणीची वस्त्रे नि दागिने तबकातून आणणारी सेविका ती असाफाता. विसाव्या शतकाच्या मध्यास विमानातल्या प्रवाशांची सरबराई करणाऱ्या तरुणींसाठी नाव हवे झाले, तेव्हा हा राजवाड्यातला शब्द पुन्हा बाहेर काढण्यात आला.

मेक्सिकोत वाढपी 'मेसेरो' होतो, कारण 'मेसा' म्हणजे टेबल. हॉटेलात सामान उचलणाऱ्या मुलाला त्याच्या गणवेशावरून 'बोतोनेस' म्हणतात, म्हणजे चक्क बटणे! अर्जेंटिनात वाढप्याला 'मोसो' म्हणतात, म्हणजे पोरगा. केस पिकले तरी तो पोरगाच. याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'ए पोऱ्या, पाणी आण' ही हाक आपल्या हॉटेलांतूनही पुष्कळ घुमली आहे.

मग भारदस्त नावे द्यावीत काय? कामारेरोचा अनुभव याविरुद्ध साक्ष देतो. दरबारी शब्द खाणावळीत आला. दरबारी मान मात्र वाड्यातच राहिला. आपण माणसाला जो मान देतो, तोच पुढे शब्दात मुरतो.

तरीही नाव कोणी ठेवले, याला महत्त्व आहेच. तबक, टेबल, बटणे ही नावे बसून सेवा घेणाऱ्याच्या नजरेतून आली. त्याला वस्तू दिसली. ती धरणारा हात दिसला नाही. उलट, स्पेनमधील हॉटेलांच्या खोल्या साफ करणाऱ्या स्त्रियांनी आपले नाव आपणच ठेवले: 'केली'. 'लास के लिंपियान', म्हणजे 'ज्या सफाई करतात त्या', या शब्दांचे हे खेळकर लघुरूप. २०१६ साली त्यांनी याच नावाने संघटना उभारली आणि कामाचा बोजा नि तुटपुंजी मजुरी यांबद्दल जाब विचारला. व्याकरणाच्या तासाला आम्ही मास्तर मुलांना आधी कर्ता शोधायला सांगतो. या स्त्रियांनी आपल्या वाक्यातला हरवलेला कर्ता स्वतःच शोधून काढला!

आपले 'आया' आणि 'पगार' हे दोन शब्द स्पॅनिशच्या सख्ख्या बहिणीने, पोर्तुगीज भाषेने, आपल्याला दिले. आयेला पगार दिला की आपले देणे फिटले, असे आपण समजतो. परंतु पगार हा तिच्या कामाचा. ज्या माणसाने ते काम केले, त्याचे देणे हाकेतूनच फेडावे लागते. फराळाची ताटे घरोघर फिरतील, तेव्हा ती नेऊन देणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे ना, एवढे तरी प्रत्येकाने मनाशी विचारावे.